आराखडा ठरण्याआधी गावाला विचारा : सीएसआर (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, सीएसआर समिती,
महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत कारखाने चालवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळापुढे जाण्याआधी कारखान्यालगतच्या ग्रामसभेपुढे ठेवण्याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार. मी एका औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर एक मुदत ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. गावाचे आणि शेजारच्या कंपन्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणा एका कंपनीचे गाऱ्हाणे मांडणे हा या पत्राचा हेतू नाही. जे लिहितो आहे ते महाड, कुरकुंभ, वाळूज किंवा बुटीबोरीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींनाही फारसे अनोळखी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. मागणी वर विषयात दिलीच आहे. ती का करावी लागते आणि ती कायद्याच्या चौकटीत कशी बसते, एवढेच इथे मांडतो.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, एवढा त्यातला भाग सर्वांना पाठ आहे. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते मात्र कार्यक्रमांतल्या भाषणांत क्वचितच ऐकू येते : हा खर्च करताना कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक क्षेत्राला आणि त्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. हे वाक्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला, हे मला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य कायद्यातून काढलेले नाही. जिथले पाणी कंपनी उचलते, जिथल्या रस्त्यावरून तिचे टँकर जातात आणि जिथल्या हवेत तिचा धूर मिसळतो, तिथल्या लोकांचा पहिला मान आहे, एवढे त्या वाक्यातून निघते आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

अडचण पैशाची नाही. सीएसआर निधीचा सर्वांत मोठा वाटा देशात महाराष्ट्राला मिळत आला आहे. अडचण निर्णय कुठे होतो याची आहे. समितीत सर्वसाधारणपणे तीन किंवा अधिक संचालक असतात, त्यांतला किमान एक स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला, असावा लागतो. समिती वार्षिक कृती आराखड्याची शिफारस करते आणि संचालक मंडळ तो मंजूर करते. या संपूर्ण साखळीत ज्या गावात काम व्हायचे आहे त्या गावाला काही विचारण्याची पायरीच नाही. नियमांनुसार आराखड्यात गरजेचा आणि परिणामाचा अभ्यास जोडायचा असतो, तोही ‘केला असल्यास’. गावाला विचारा असे कायदा म्हणत नाही, पण विचारू नका असेही तो कुठे म्हणत नाही, आणि माझे सारे म्हणणे या मोकळ्या जागेपुरते आहे.

न विचारता ठरते कसे, ते आम्ही दरवर्षी पाहतो. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाची असेल तर ती वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चावी लागते, नसेल तर सरकारी निधीत भरावी लागते. हेतू चांगला होता. गावात मात्र त्याचा परिणाम असा दिसतो की फेब्रुवारी उजाडला की कंपनीची गाडी ग्रामपंचायतीच्या दारात येते आणि ‘सरपंच, एक प्रपोजल द्या, लेटरहेडवर, आजच’ अशी घाई सुरू होते. मार्चअखेरच्या आत बिल निघेल असे जे काही असते ते त्या प्रपोजलमध्ये येते : पेव्हर ब्लॉक, बाके, स्मशानभूमीचे शेड, शाळेला एलईडी पॅनल, दप्तरे, सौरदिवे, गावाची कमान. यातली एकही वस्तू वाईट नाही. पण भूजल सर्वेक्षण, नाल्याचे खोलीकरण, आरोग्य उपकेंद्रात वर्षभर बसणारी परिचारिका किंवा दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींसाठी एसटीचा पास, अशी जी कामे सहा आठवड्यांत संपत नाहीत ती या यादीत कधीच येत नाहीत, मग ती गावाला कितीही निकडीची असोत.

आमच्या गावातील पाण्याच्या आरओ प्लांटचे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात हा सगळा प्रकार एका खोलीत पाहता येतो. चावडीशेजारी दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे. पुढच्या भिंतीला कंपनीचे बोधचिन्ह, उद्घाटकांची नावे आणि तारीख असलेला ग्रॅनाइटचा फलक आहे. त्याच्या खाली नाणे टाकायची फट आणि एक नळ. पाच रुपये टाकले की वीस लिटरचा जार भरायचा. पहिली दोन वर्षे तो उत्तम चालला, बायकांची खेप वाचली, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. दोन वर्षांनी पुरवठादाराचा देखभाल करार संपला. मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायचे झाले तेव्हा कंपनीतील ज्या अधिकाऱ्याने हा प्रकल्प आणला त्याची बदली झालेली होती आणि नव्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की मालमत्ता ग्रामपंचायतीकडे वर्ग झाली आहे, आता आमचा संबंध नाही. त्याचे चुकले नव्हते. २०२१ पासून सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक न्यास, बचत गट किंवा ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे करावी लागते. म्हणजे ज्या दिवशी फीत कापली जाते त्याच दिवसापासून वीजबिल, मेम्ब्रेन, मोटरचे रिवाइंडिंग आणि ऑपरेटरचा पगार हे सगळे ग्रामपंचायतीच्या बोकांडी बसते, आणि त्या ग्रामपंचायतीला हा खर्च महिन्याला किती येईल हे आधी कोणी सांगितलेले नसते. नाण्यांच्या पेटीत जमणाऱ्या पैशांतून वीजबिलही पुरते भागत नव्हते. आज त्या खोलीत निवडणुकीचे जुने लोखंडी स्टँड ठेवलेले आहेत.

ग्रामसभेत कोणी विचारले असते तर आमच्या गावातल्या बायकांनी दोन गोष्टी सांगितल्या असत्या. पहिली अशी की आरओमधून जेवढे पाणी शुद्ध होऊन बाहेर येते त्याच्याबरोबर बरेचसे पाणी फेकले जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे फेकायला पाणी नसते. दुसरी अशी की पिण्याच्या पाण्याला फिल्टर लागतो, कारण वसाहतीच्या बाजूच्या विहिरींचे पाणी आता कोणी तोंडाला लावत नाही. तेव्हा आधी त्या विहिरींची तपासणी करून घ्या आणि अहवाल चावडीवर लावा. ही दुसरी गोष्ट सीएसआरच्या कोणत्याही प्रपोजलमध्ये बसत नाही. ती बसत नाही म्हणूनच गावाला विचारले जात नाही, असा संशय गावकऱ्यांना येतो, आणि तो निराधार आहे असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

परिणामाचा अभ्यास बंधनकारक आहे तो ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व सरासरी १० कोटी रुपयांहून कमी नाही तिच्या, आणि तोही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा. आमच्या पत्र्याच्या खोलीसारखी कामे त्या मर्यादेच्या फार खाली असतात. ती बंद पडल्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. अहवालात फक्त उद्घाटनाचे छायाचित्र राहते. मला वाटते, नवे काही बांधण्याआधी मागच्या पाच वर्षांत जे बांधले त्यातले आज काय चालू आहे, हे प्रत्येक समितीने एकदा स्वतः जाऊन पाहावे. त्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही, एक दुपार पुरेल.

उद्योगाने भोवतालच्या वस्तीशी कसे वागावे हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. जमशेटजी टाटांनी १९०२ साली आपला मुलगा दोराबजी याला लिहिलेल्या पत्रात, पोलादाचा कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी, नियोजित शहरात रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडे, खेळाची मैदाने आणि मंदिरे, मशिदी व चर्च यांना जागा ठेवा, असे बजावले होते. जमशेदपूर त्या दृष्टीतून घडले. (तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारले होते का, हा प्रश्न बाजूला ठेवतो.) आणि त्याच टाटांच्या वीज कंपनीने मुळशी पेट्यात धरण बांधायला घेतले तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, बापट तुरुंगात गेले. दूरदृष्टी, भांडवल आणि परोपकाराची परंपरा दोन्हीकडे एकाच घराची होती. मुळशीत उणीव होती ती वस्तीला आधी विचारण्याची, आणि ती उणीव नंतरच्या कोणत्याही देणगीने भरून निघाली नाही.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली आणि ते स्वतः तिथेच राहिले. कामगारांच्या घरांना कोणते पाणी येते, रस्त्यावर चिखल किती होतो, शाळेत मास्तर आहे का, हे जाणून घ्यायला त्यांना सर्वेक्षणाची गरज नव्हती. आज तुमचे निर्णय मुंबई, पुणे, गुरुग्राम किंवा एखाद्या परदेशी मुख्यालयात होतात, कारखान्याचा व्यवस्थापक तीन वर्षांनी बदलतो आणि अधिकारी शहरातून बसने येऊन संध्याकाळी परत जातात. त्यात वावगे काही नाही, काळच तसा आहे. पण मालक गावात राहत होता तेव्हा जे आपोआप कळत होते ते कळून घेण्यासाठी आता एखादी रीतसर व्यवस्था लावावी लागेल. ग्रामसभा ही अशी तयार व्यवस्था आहे आणि तिला तुमचा एक पैसाही लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. काही कामे सीएसआरची नाहीतच, आणि ती सीएसआरच्या कार्यक्रमांआड झाकली जाऊ नयेत. ग्रामपंचायतीचा कर, किंवा ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ नुसार ठरलेले ठोक अंशदान (करांऐवजी कारखान्याने द्यायची ठोक रक्कम), हे देणे आहे. वर्षानुवर्षे ते थकवून त्याच गावाला रुग्णवाहिका भेट देण्यात काय अर्थ आहे हे मला कळलेले नाही. तसेच प्रदूषणाचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्यामुळे मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, आणि त्या पट्ट्यातही याच काळात सामाजिक कामे होतच असणार. सीएसआरच्या नियमांतच लिहिले आहे की अन्य कोणत्याही कायद्याने लागू असलेले दायित्व पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. कायदा करणाऱ्यांना हा मोह आधीच दिसला असावा.

सुरक्षेची माहिती ही या कायदेशीर दायित्वांतली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले तेव्हा हादरे कारखान्याच्या भिंतींपाशी थांबले नाहीत, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. भोपाळनंतर आलेल्या १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आवाराबाहेर राहणाऱ्या लोकांना धोका कोणता आहे आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे सांगायचे असते. आवाराबाहेरचा आपत्कालीन आराखडाही तयार असावा लागतो. आमच्या गावात भोंगा वाजतो तेव्हा तो पाळी सुटल्याचा, आठवड्याच्या चाचणीचा की वायुगळतीचा, हे निम्म्या लोकांना सांगता येत नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची पिशवी कारखान्यात उंच खांबावर फडफडत असते. गळती झाली तर ती पाहून वाऱ्याला आडवे चालत जायचे आणि नाकातोंडावर ओले फडके धरायचे, एवढी साधी गोष्ट आमच्या शाळेतल्या मुलांना शिकवायला कोणी आलेले नाही. तेच अधिकारी दरवर्षी ५ जूनला झाडे लावायला मात्र न चुकता येतात.

याच संदर्भात पर्यावरणविषयक जनसुनावणीचा उल्लेख करायला हवा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांआधी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली सुनावणी होते, प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो, लोकांचे म्हणणे नोंदवले जाते. ती किती गांभीर्याने होते हा वेगळा विषय. पण मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना त्या सुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणजे मोकळ्या माळावर कारखाना आला तर शेजारच्या गावाला निदान एकदा तोंड उघडायला मिळते, आणि एमआयडीसीला खेटून राहणाऱ्या गावाला तेवढीही संधी मिळेलच असे नाही. आमच्यासारख्या गावांसाठी ग्रामसभा ही एवढ्याचसाठी महत्त्वाची आहे की अधिकृतपणे बोलण्याची दुसरी जागा जवळजवळ उरलेली नाही.

रोजगाराबद्दल थोडक्यात लिहितो. राज्याच्या धोरणात ८० टक्के स्थानिकांचा आग्रह आहे, पण तिथे स्थानिक म्हणजे राज्याचा रहिवासी. कुंपणापलीकडच्या गावातल्या मुलाला त्याचा थेट उपयोग नाही. तो कंत्राटदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागतो आणि तिथेच राहतो. जवळच्या आयटीआयमधील कोणत्या ट्रेडची तुम्हाला पुढच्या तीन वर्षांत गरज पडणार आहे, एवढे जरी गावाला वेळेत कळले तरी पालक मुलांना त्या दिशेने वळवतील. शिवणयंत्रांचे वाटप याच्यापुढे फार थिटे आहे.

आता मागणीचा तपशील. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेत तयार होतो. गावाची गरज काय, अग्रक्रम कोणता, कोणत्या कामाला पैसा अपुरा आहे, हे त्यात लिहिलेले असते, निदान असायला हवे. तुमचा कृती आराखडा नव्या आर्थिक वर्षासाठी त्यानंतर ठरतो. तारखा आपसूकच जुळतात. तुमचा अधिकारी त्या ग्रामसभेला यावा, कंपनीचा या परिसरासाठीचा अंदाजित निधी त्याने सांगावा, मागच्या कामांची आजची स्थिती वाचून दाखवावी आणि नव्या कामांचा मसुदा मराठीत मांडावा. प्रत्येक कामापुढे ते चालवायला महिन्याला किती खर्च येईल आणि पहिली तीन वर्षे तो कोण करील, हे लिहिलेले असावे; चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत ठेवता येते, त्यामुळे देखभाल त्यात बसवायला कायद्याची आडकाठी नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे, तिथेही हा मसुदा ठेवावा. पाण्याचे आणि दवाखान्याचे खरे बोलणे तिथेच होते. ग्रामसभेने एखादे काम नको म्हटले आणि तरीही कंपनीला ते करायचे असेल तर करावे, पैसा तुमचा आहे. फक्त त्यामागचे कारण लेखी कळवावे.

तुमचे अधिकारी खासगीत काय म्हणतात ते मला माहीत आहे. गावात गेलो की सरपंचाचा पुतण्या भंगाराचा ठेका मागतो, विरोधी गट मजूर पुरवठ्याचा मागतो, कोणाला कँटीन हवे असते, कोणाला टँकर, आणि काम कोणाच्या वॉर्डात करायचे यावरून गेट बंद करण्याच्या धमक्या येतात. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मी त्या बैठकांत बसलेलो आहे. पण हे सगळे होते ते कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये, चार जणांत, बंद दाराआड. ग्रामसभेत शंभर माणसांसमोर, इतिवृत्त लिहिले जात असताना, भंगाराचा विषय काढायला फार मोठे धाडस लागते. दलालांचा त्रास टाळायचा म्हणून तुम्ही गावापासून जेवढे लांब राहाल तेवढी त्या दलालांची गरज वाढेल, कारण मग तेच तुमचे आणि गावाचे एकमेव दुवे ठरतात.

गावानेही आपल्या बाजूने काही पाळायला हवे आणि ते मी ग्रामपंचायतींच्या वतीने नाही, तर एक माजी सदस्य म्हणून लिहितो. कंपनीकडून मिळालेल्या प्रत्येक मालमत्तेची नोंद स्वतंत्र नोंदवहीत असावी, वीजबिल आणि दुरुस्तीचा हिशोब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला जावा, आणि कंपनीच्या पैशातून होणाऱ्या कामाचा ठेका सदस्यांच्या नातेवाइकांना दिला जाऊ नये. ज्या ग्रामपंचायतीला हे मान्य नसेल तिच्या ठरावाला कंपनीने महत्त्व देऊ नये, याला माझी हरकत नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस वसाहतीतील कारखान्यांना वेळेत पोहोचवावी, अशी विनंती मी आमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी केली आहे. अन्य गावांनीही तशा नोटिसा पाठवाव्यात. आपल्या समितीने त्या नोटिशीची पोच द्यावी आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती त्या दिवशी पाठवावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गावातील निवृत्त शिक्षक व माजी ग्रामपंचायत सदस्य